गॅलरीतील गांडुळे

पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार सरींनंतर मैदानात, कुंपणाच्या कडेला आणि कधी कधी शाळेच्या पायऱ्यांवरही गांडुळे दिसू लागतात. ही गांडुळे गोळा करून एका खोक्यात ठेवली आणि त्यांना रोज भाजीची देठे व साली घातल्या, तर घरच्या घरी खत होईल काय, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. उत्तर असे की, बहुधा होणार नाही. उलट ती बिचारी गांडुळे थोड्याच दिवसांत मरून जातील. असे का व्हावे?

सगळी गांडुळे सारखी नसतात. काही जाती जमिनीत आडवीतिडवी बिळे करून मातीच खातात आणि मातीतल्या कुजलेल्या कणांवर जगतात. जीवशास्त्राच्या पुस्तकांतून ज्याची आकृती पिढ्यान्‌पिढ्या काढली गेली, ते ‘फेरेटिमा पोस्थुमा’ (त्याचे आजचे शास्त्रीय नाव ‘मेटाफायर पोस्थुमा’) याच गटातले. दुसऱ्या काही जाती खोल उभी बिळे करतात आणि रात्री वर येऊन झाडांची पाने बिळात ओढून नेतात. तिसऱ्या गटातील गांडुळे जमिनीत फारशी शिरतच नाहीत. पालापाचोळ्याच्या थरात, शेणाच्या जुन्या ढिगात त्यांचे आयुष्य जाते. खोक्यात नांदतात ती हीच. तांबूस अंगावर फिकट पिवळे पट्टे असलेले ‘आयसेनिया फेटिडा’, आफ्रिकेतून आलेले लांबलचक ‘युड्रिलस युजेनी’ आणि आपल्याकडचे जांभळट झाक असलेले ‘पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस’ ही खतासाठी पाळली जाणारी नेहमीची मंडळी. गांडूळखत करणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी केल्यास ती मिळू शकतात.

आता एक गंमत पाहा. गांडुळाला दात नसतात. मग ते भेंडीचे देठ खाते कसे? खरे म्हणजे ताजे देठ ते खातच नाही. आधी त्या देठावर जीवाणू व बुरशी वाढतात आणि त्याला मऊ करतात. तो मऊ लगदा, त्यावरील सूक्ष्मजीवांसह, गांडूळ गिळते. पोटातील पेषणीत मातीच्या बारीक खड्यांच्या साहाय्याने तो दळला जातो आणि बारीक दाणेदार विष्ठेच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणजे स्वयंपाकी सूक्ष्मजीव आणि जातेवाला गांडूळ! म्हणूनच खोक्यात मूठभर माती आणि कुटलेली अंड्याची टरफले टाकायची असतात.

गांडुळाला फुप्फुसेही नसतात. ते कातडीने श्वास घेते. हवेतील प्राणवायू प्रथम कातडीवरील ओलाव्यात विरघळतो आणि मग रक्तात जातो. कातडी कोरडी पडली की गांडूळ गुदमरते. खोक्यात पाणी साचून त्यातला प्राणवायू संपला, तरीही ते गुदमरते. या दोन गोष्टी, म्हणजे सूक्ष्मजीवांचे काम आणि कातडीचा श्वास, नीट ध्यानात धरल्या तर पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

ब्लॉकच्या गॅलरीसाठी दीड फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट खोल असे लाकडी किंवा प्लॅस्टिकचे खोके पुरते. तळाला आणि बाजूंना भोके पाडा व खाली जुने ताट ठेवा. तळाशी भिजवलेल्या नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळलेली पाने आणि वर्तमानपत्राच्या ओल्या पट्ट्या यांचे वीतभर अंथरूण करा. त्यात थोडे जुने, मुरलेले शेण मिसळले तर उत्तम. ताजे शेण मात्र नको, कारण ते कुजताना तापते. हे सारे किती ओले हवे? मूठभर उचलून घट्ट पिळा. एकदोन थेंब टपकले तर ठीक. धार लागली तर कोरडी पाने मिसळा.

पाव किलो गांडुळांनी आरंभ करावा. ढोबळमानाने ही गांडुळे रोज आपल्या वजनाच्या निम्मे अन्न संपवतात, म्हणजे सव्वाशे ग्रॅम. नव्या घरात रुळेपर्यंत पहिले दोनतीन आठवडे त्याच्याही निम्मे द्या. घाई करून सगळा ओला कचरा एकदम ओतणे हेच खोके बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण होय. हिरव्या कचऱ्याचा जाड थर झाला की त्यातील सूक्ष्मजीव इतक्या जोमाने वाढतात की ढीग गरम होतो. मोठ्या ढिगात हे तापमान ५५-६० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. गांडुळांना १५ ते २५ अंश मानवतात आणि ३५ च्या पुढे ‘आयसेनिया’ तग धरत नाही. शिवाय ओल्या कचऱ्यात कार्बनच्या मानाने नायट्रोजन जास्त असतो. त्या जादा नायट्रोजनचा अमोनिया होतो आणि नाकाला झोंबतो. कार्बन व नायट्रोजन यांचे प्रमाण २५ ते ३० ला १ असावे म्हणतात. ते मोजत बसायला नको. दर वेळी कचऱ्यावर मूठभर सुकी पाने वा कागदाचे तुकडे पसरले की काम भागते.

भाजीची देठे, केळ्याच्या साली, धुतलेला चहाचा चोथा खुशाल घाला. लिंबाच्या व संत्र्याच्या साली आणि कांदा अगदी बेताने. उरलेली आमटी, फोडणीची भाजी, लोणचे मात्र मुळीच नको. मीठ गांडुळाच्या कातडीतून पाणी ओढून घेते आणि तेलाने कण माखले की हवेची वाट बंद होते. दूध, मासळी, मटण यांनी दुर्गंधी सुटते आणि उंदीर येतात.

मुंग्यांवर आपल्या आजीचाच उपाय करावा. दुधाच्या कपाटाचे पाय ज्याप्रमाणे पाण्याच्या वाट्यांत ठेवत, त्याप्रमाणे खोक्याच्या तिवईचे पाय ठेवावेत. चिलटे झाली तर कचरा नीट झाका. एप्रिल-मे महिन्यांत ओले गोणपाट पांघरा व खोके सावलीत न्या. धुलाईयंत्राशेजारी मात्र ठेवू नका. चार्ल्स डार्विनने गांडुळांवरचे आपले पुस्तक १८८१ साली, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध केले. त्यात त्याने लिहिले आहे की, जवळच पियानो वाजवला तरी गांडुळांना त्याची दाद नव्हती, पण त्यांच्या कुंड्या पियानोवरच ठेवून एक सूर काढताच ती बिळात पळाली. त्यांना कान नाहीत, परंतु कंप तत्काळ जाणवतो.

साधारण दोन महिन्यांनी खालचा थर काळसर, चहाच्या पत्तीसारखा दाणेदार होतो व त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. तो प्लॅस्टिकच्या कागदावर उजेडात शंकूसारखा ओता. उजेड टाळण्यासाठी गांडुळे तळाशी जातात आणि वरचे खत अलगद काढून घेता येते. या खताच्या जाहिरातींतील चमत्कारांवर विश्वास ठेवू नये. त्यात नायट्रोजन साधारण एकदोन टक्केच असतो, युरियात तो ४६ टक्के असतो. गांडूळ नवे पोषकद्रव्य निर्माण करत नाही. कचऱ्यात होते तेच ते झाडाला घेता येईल अशा रूपात देते आणि मातीला भुसभुशीत करते. कुंडीतील तुळशीला एवढे पुष्कळ झाले.

शाळेत हा प्रयोग करून पाहा. दोन सारख्या कुंड्या घ्या. दोहोंत तेच अंथरूण व तोलून घेतलेला तेवढाच कचरा घाला. एकीत ५० गांडुळे सोडा, दुसरीत एकही नको. दर सोमवारी दोन्ही थरांची उंची पट्टीने मोजा, थर्मामीटरने तापमान पाहा आणि वहीत मांडा. गांडुळे नसलेल्या कुंडीतही कचरा खचेल, कारण सूक्ष्मजीव तेथेही आहेत. दोहोंतला फरक तेवढा गांडुळांच्या खात्यावर जमा करावा. आठ आठवड्यांनंतर साहित्य वाळवून तोला, परंतु त्यापूर्वी गांडुळे वेचून घ्या. लिंबाच्या आकाराचे, ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान असे पिवळसर कोश दिसतील, तेही मोजा आणि ओल्या अंथरुणात परत ठेवा. सुमारे तीन आठवड्यांत एकेका कोशातून दोनतीन धाग्यासारखी पिले बाहेर पडतात.