पानांचा रंग कां पालटतो ?

विद्यार्थी मित्रहो, फाल्गुन महिन्यांत धुळ्याहून शिरपुरावरून सातपुड्याकडे गेल्यास सागाचीं झाडें उघडींबोडकीं दिसतात. तीं वाळून गेलीं असें पुष्कळांस वाटतें; पण तसें नाहीं, हेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

पानांतील हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या योगानें झाडाचें अन्न तयार करतें. परंतु त्याच पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ होऊन जात असते. पावसाळा सरून जमीन सुकूं लागली म्हणजे हा खर्च झाडास परवडत नाहीं. मग तें पानांतील नत्रादि उपयुक्त द्रव्यें खोडांत परत घेतें. हरितद्रव्य नाहींसें होतें, त्यानें झांकलेला पिवळा रंग उघड होतो, आणि देठाच्या बुडाशीं पेशींचा पातळ थर तयार होऊन पान गळून पडतें.

काश्मिरांत हीच क्रिया शरद ऋतूंत घडते. तेथें कारण थंडी व लहान होत जाणारा दिवस. त्या वेळीं चिनाराच्या पानांत तांबडें द्रव्य नव्यानें तयार होतें. आपल्याकडे तशी लाली पाहावयाची तर वसंतांत कुसुंबाची कोंवळी पालवी पाहावी !

तेव्हां पालकांसही आमची विनंती आहे कीं, उघडें झाड मेलें समजून तोडूं नये. नखानें फांदीची साल किंचित् खरवडावी. आंत ओला हिरवेपणा असेल तर तें जिवंत आहे. तसेंच पालापाचोळा जाळूं नये, खड्ड्यांत कुजवावा. झाडानें टाकलेलें पानही मातीस खत होऊन उपयोगीं पडतें.