ज्याचा बॉल त्याचीच टीम? – मुंबई सिटीच्या एका हंगामावरून एक पाठ



गल्लीतल्या क्रिकेटचा एक नियम आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. तो आउट झाला तरी आउट नसतो, आणि फार बोललं तर बॅट उचलून घरी निघतो. लहानपणी आपण हे हसण्यावारी नेलं. मागच्या हिवाळ्यात मात्र हाच नियम माझ्या शाळेत आला आणि मला हसू आलं नाही.

आमची शाळा जालना जिल्ह्यातली, अंबड-घनसावंगी पट्ट्यातली, जिल्हा परिषदेची. तालुका स्पर्धेसाठी आमच्या कबड्डीच्या मुलांकडे सारखे ड्रेस नव्हते. गावातल्या एका सद्गृहस्थांनी स्वतःहून बारा ड्रेस आणि बूट दिले. आम्ही शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, "सर, यंदा कॅप्टन आमच्या पुतण्याला करा." मी "बघू" म्हणालो. आणि खरं सांगायचं तर मी 'बघितलं' नाही, केलं. दोन वर्षं पोरांना गोळा करून सराव घेणारा आमचा जुना कॅप्टन काही रडला-बिडला नाही. फक्त मैदान आखता आखता म्हणाला, "सर, ड्रेस त्यायचा, मग टीम बी त्यायचीच ना?"

मला उत्तर देता आलं नाही. उत्तर शोधता शोधता हा पाठ तयार झाला. सातवी-आठवीच्या वर्गात दोन तासिकांत घेता येतो. यात खेळ आहे, थोडं गणित आहे आणि नागरिकशास्त्रही आहे.

नक्की विकत काय घेतलं?

मुंबई सिटी एफसी हा फुटबॉल संघ २०१४ मध्ये, इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा स्थापन झाला. अभिनेता रणबीर कपूर आणि बिमल पारेख हे त्याचे मालक. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी सिटी फुटबॉल ग्रुपने या संघाचा ६५ टक्के वाटा घेतल्याचं जाहीर झालं. हाच ग्रुप इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीचा मालक. ३५ टक्के जुन्या मालकांकडे राहिले.

इथे मुलांना थांबवा आणि विचारा: ६५ टक्के म्हणजे अकरापैकी सात खेळाडू का? मुलं हसतील, पण प्रश्न महत्त्वाचा आहे. मालकाने कंपनीतला वाटा घेतला. खेळाडूंचे पाय, प्रशिक्षकाची अक्कल आणि अंधेरीच्या मैदानावर घसा कोरडा करणारे प्रेक्षक त्या कागदात येत नाहीत. आपल्या भागातल्या मुलांनी 'कारखाना विकला', 'कारखाना भाड्याने दिला' असे शब्द घरात ऐकलेले असतात. त्याच धाग्याने समजावलं की लगेच कळतं.

पैसा आला, पण त्या वर्षी काय झालं?

विशेष काही नाही. हंगाम चालू असतानाच मालक बदलले आणि २०१९-२० मध्ये मुंबई पाचव्या क्रमांकावर राहिली. पहिल्या चार संघांनाच पुढची फेरी होती, त्यामुळे तिथेच गाडी थांबली.

खरा बदल दिसला तो पुढच्या, म्हणजे नव्या मालकांच्या पहिल्या पूर्ण हंगामात. ऑक्टोबर २०२० मध्ये स्पेनचे सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक म्हणून आले. ते आधी एफसी गोवाकडे होते, आणि गोव्याचा संघ गुणतक्त्यात वर असतानाच त्यांना जावं लागलं होतं. त्यांच्यामागोमाग गोव्याचे ओळखीचे खेळाडूही मुंबईत आले: मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बूमूस आणि गोव्याचाच मंदार राव देसाई. मंदार आधी पुढे, कडेने धावणारा खेळाडू. लोबेरांनीच त्याला गोव्यात डावा बचावपटू केलं होतं. म्हणजे पैशाने नुसते महागडे खेळाडू आणले नाहीत, एकमेकांची भाषा कळणारी माणसं एकत्र आणली.

पण ही माणसं कुठून तरी गेली, म्हणजे कुणाचं तरी अंगण रिकामं झालं. गोव्यातल्या चाहत्याला त्या दिवशी काय वाटलं असेल, हे मुलांना दोन वाक्यांत लिहायला सांगा. आमच्या वर्गात एका मुलीने लिहिलं, "आमच्या चांगल्या बाईंची बदली झाली तसं." यापेक्षा नेमकं मला लिहिता आलं नसतं.

वीस सामन्यांचा आलेख

कोरोनामुळे तो सगळा हंगाम गोव्यातच झाला, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को इथल्या तीन मैदानांवर, प्रेक्षकांविना. मुंबईचा संघ मुंबईत एकही सामना खेळला नाही. फळ्यावर एक रेघ काढा आणि आलेख भरत चला.

- पहिलाच सामना, २१ नोव्हेंबर २०२०: नॉर्थईस्ट युनायटेडकडून ०-१ हार. जाहूला लाल कार्ड मिळालं आणि संघ दहाच खेळाडूंवर आला.
- त्यानंतर सलग १२ सामने एकही हार नाही. ९ विजय, ३ बरोबरी.
- मग उतार. पुन्हा नॉर्थईस्टकडून हार, बेंगळुरूकडून २-४, जमशेदपूरकडून ०-२.
- १८ सामन्यांनंतर मुंबईचे ३४ गुण, तर एटीके मोहन बागानचे ३९.

इथे रेघ थांबवा आणि विचारा: तुम्ही मालक असता तर काय केलं असतं? आमच्या वर्गात निम्म्या मुलांनी प्रशिक्षकाला काढून टाकलं! एकाने तर "मी स्वतः खेळायला उतरलो असतो" असंही सांगितलं. प्रत्यक्षात प्रशिक्षक तोच राहिला. पुढच्या सामन्यात मुंबईने ओडिशाला ६-१ हरवलं. शेवटचा साखळी सामना २८ फेब्रुवारी २०२१ रोजी बागानशीच होता. बागानला बरोबरी पुरत होती, मुंबईला जिंकणंच भाग होतं. फॉल आणि ओगबेचेच्या गोलांवर मुंबई २-० ने जिंकली.

आता गणित. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. मुंबईचे २० सामन्यांत १२ विजय, ४ बरोबरी, ४ हार. मुलांना गुण काढू द्या: ३६ अधिक ४, एकूण ४०. बागानचेही ४०! मग पहिला कोण? दोघांच्या आपसातल्या सामन्यांत जो सरस, तो. मुंबईने बागानला दोन्ही वेळा हरवलं होतं, म्हणून साखळीची शील्ड मुंबईची.

उपांत्य फेरीत समोर गोवाच आला. एक सामना २-२, दुसरा ०-०, शेवटी पेनल्टीवर ६-५ ने निकाल लागला. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला अंतिम सामन्यात पुन्हा बागान. आधी बागानने गोल केला, मग त्यांच्याच तिरीकडून स्वयंगोल झाला आणि १-१ अशी बरोबरी झाली. मुंबईचा अमेय रानवडे टक्कर होऊन कोसळला, त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. आणि ९० व्या मिनिटाला ओगबेचेच्या पासवर बिपिन सिंगने गोल मारला. २-१. एकाच हंगामात शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकणारा मुंबई हा या लीगमधला पहिला संघ ठरला.

आता हा बिपिन कोण? मणिपूरचा मुलगा, मुंबईत २०१८ पासून. म्हणजे नवे मालक येण्याच्या आधीचा! कर्णधार आणि गोलरक्षक अमरिंदर सिंगही जुनाच. नव्या घरात जुन्या विटा होत्या, त्या कुणी काढून फेकल्या नाहीत. माझ्या मते या सगळ्या हंगामातला सगळ्यात मोठा धडा हाच आहे.

दुसरी बाजूही सांगा

नाहीतर मुलांना वाटेल की श्रीमंत मालक आला की करंडक येतोच. महाराष्ट्रातलाच दुसरा संघ घ्या. एफसी पुणे सिटी बालेवाडीत पाच हंगाम खेळला, २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेला. २०१९ मध्ये पैशाच्या अडचणीत तो बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा नव्या मालकांच्या हैदराबाद एफसीने घेतली. हैदराबाद पहिल्या हंगामात १८ सामन्यांत फक्त १० गुण मिळवून तळाशी राहिला. दोनच वर्षांनी, २०२१-२२ मध्ये, तो विजेता झाला. पण पुण्यातल्या चाहत्याच्या हाती काय आलं? जुना टी-शर्ट. पुढे २०२५ मध्ये तो संघही हैदराबाद सोडून दिल्लीला गेला.

मुंबईचंही सगळं कायमचं गोड झालं नाही. विजेतेपदानंतरच्या हंगामात संघ पुन्हा पाचवाच आला. नंतर आणखी यश मिळालं. आणि डिसेंबर २०२५ मध्ये सिटी ग्रुप आपला वाटा सोडून बाहेर पडला, संघ पुन्हा मूळ मालकांकडे आला.

अमेरिकेतही हेच दिसतं. तिथला फुटबॉल वेगळा, लांबट चेंडू हातात घेऊन धावायचा. वॉशिंग्टनचा संघ २०२३ मध्ये जॉश हॅरिस यांच्या गटाने सुमारे ६०५ कोटी डॉलरला घेतला. पहिल्या हंगामात ४ विजय, १३ पराभव. दुसऱ्या वर्षी प्रशिक्षक नवा आला, जेडन डॅनियल्स हा नवखा खेळाडू आला आणि १२ विजय, ५ पराभव झाले. पैसा एका दिवसात येतो, संघ बांधायला वेळ लागतो.

त्याच लीगमध्ये ग्रीन बे पॅकर्स नावाचा संघ आहे. त्याला एक मालक नाहीच. पाच लाखांहून जास्त सामान्य भागधारक आहेत, त्यांना नफ्यातला पैसा मिळत नाही, आणि संघ गाव सोडून जात नाही. ते गाव आपल्या जालना शहराच्या निम्म्यापेक्षाही लहान आहे! सहकार म्हणजे काय हे शिकवायला मला इतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडलेलं नाही.

पुन्हा आमच्या ड्रेसकडे

तर, ड्रेस त्यायचा म्हणून टीम त्यायची का?

तालुक्याला आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो. दोष नव्या कॅप्टनचा नव्हता, समोरची पोरं चांगली होती. तो पुतण्या तर बिचारा मन लावून खेळला. चूक माझी होती. देणाऱ्याने मागितलं, आणि नाही म्हणायची जबाबदारी माझी असताना मी ती त्या दोन पोरांच्या खांद्यावर टाकली.

हा पाठ घेऊन झाल्यावर मी वर्गासमोर हे कबूल केलं. जुन्या कॅप्टनला म्हणालो, "ड्रेस त्यांचे. टीम तुमची. कॅप्टन कोण हे ठरवायचं काम माझं होतं, आणि ते मी नीट केलं नाही." तो काही बोलला नाही. संध्याकाळी मात्र मैदानावर चुन्याची पिशवी घेऊन नेहमीसारखा हजर होता.

नंतर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आम्ही एक साधा ठराव केला: देणगीदाराचं नाव फलकावर मोठ्या अक्षरात लिहायचं, संघाची निवड मात्र सरावाच्या हजेरीवर आणि खेळावर. ड्रेस देणाऱ्या गृहस्थांना मी स्वतः घरी जाऊन सांगितलं. चहा झाला. ते थोडे नाराज झाले, पण ड्रेस परत मागितले नाहीत.

वर्गात घेण्यासाठी

१. मुंबईच्या २० सामन्यांचा आलेख वहीत काढा. सगळ्यात अवघड वळण कोणतं वाटलं? का?

२. मालक, प्रशिक्षक, खेळाडू, प्रेक्षक: प्रत्येकाने काय ठरवावं आणि काय ठरवू नये? चार रकाने करा.

३. पुण्याच्या चाहत्याने नव्या मालकाला लिहिलेलं पत्र तयार करा.

४. आपली शाळा कोणाची? सरकारची, गुरुजींची, गावाची की मुलांची? गटात चर्चा करा.

पालकांनो, चौथा प्रश्न आज जेवताना घरीही विचारून बघा. मुलं काय उत्तर देतात ते ऐकण्यासारखं असतं.