एमबीएचा अर्ज यंदा भरायचा की थांबायचं? आधी हे चार हिशेब करा

"सर, धंदा करायचाय, पण आधी मोठ्या कॉलेजातून एमबीए करू का?" हा प्रश्न लोणंद, फलटण, शिरवळ भागातली मुलं-मुली सारखी विचारतात. माझ्या मते प्रश्न थोडा बदलायला हवा. एमबीए करू का, यापेक्षा कधी करू, हे विचारा. तोच अर्ज दोन वर्षं आधी भरला तर तोट्याचा ठरू शकतो आणि दोन वर्षांनी फायद्याचा.

हिशेब पहिला : कॅलेंडर

आयआयएमसाठी कॅट परीक्षा लागते. तिचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असतात आणि परीक्षा नोव्हेंबरअखेर. निकालानंतर फेब्रुवारी ते एप्रिल मुलाखती आणि जून-जुलैत वर्ग. तयारीला सहा-आठ महिने धरा. म्हणजे मार्चमध्ये ठरवलं तर प्रत्यक्ष वर्गात बसेपर्यंत सव्वा वर्ष जातं.

आता हे आपल्या बाजाराच्या कॅलेंडरवर ठेवून बघा. कॅटच्या ऐन वेळेला हळव्या कांद्याची आवक चालू असते. मुलाखतींच्या वेळी गरवा कांदा निघायला लागतो. घरचा गाळा असेल तर तुमची परीक्षा आणि घरचा हंगाम एकमेकांवर आदळणार. त्या दिवसांत वजनकाट्याजवळ कोण उभं राहणार, हे घरात आधीच ठरवा. "बघू तेव्हाचं तेव्हा" म्हणालात की अभ्यासही अर्धा आणि धंदाही अर्धा.

राज्याची एमबीए सीईटी गेल्या काही वर्षांत मार्च-एप्रिलच्या सुमारास होत आली आहे. मुंबईचं जमनालाल बजाज (स्थापना १९६५) आणि राज्यातली बरीच कॉलेजं तिच्यातून मिळतात. नेमक्या तारखा दरवर्षी सीईटी सेलच्या संकेतस्थळावरच बघायच्या.

हिशेब दुसरा : सांगण्यासारखं काय आहे?

कॅटला पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलंही बसू शकतात. पण बसता येतं म्हणून लगेच बसायलाच हवं असं नाही. हैदराबादच्या आयएसबीचा एक वर्षाचा मुख्य अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतो. बऱ्याच आयआयएमसुद्धा निवडीत अनुभवाला गुण देतात.

इथं आपली मुलं मार खातात. पाच वर्षं वडिलांबरोबर आडत सांभाळलेली असते, पण कागदावर काहीच नसतं. म्हणून आजपासून उद्यम नोंदणी (मोफत आहे), आयकर विवरणपत्र, लागू असेल तर जीएसटी विवरणपत्रं आणि तुमच्या नावावर खात्यात येणारा पगार, एवढं नीट ठेवा. मुलाखतीत "मी घरच्या धंद्यात मदत करतो" याला वजन नाही. "बारदानाची खरेदी एकत्र केली, खर्च इतका वाचला, ही वही" याला वजन आहे.

हिशेब तिसरा : पैसे

समजा, दोन वर्षांची फी २० लाख. गाळ्यातून तुमच्या हाती महिन्याला ३५ हजार उरतात. तुम्ही गेलात आणि गाळा बंद पडला, तर २४ महिन्यांचे ८ लाख ४० हजार बुडाले. एकूण खर्च २८ लाख ४० हजार.

आता दुसरी बाजू. वडील आणि १५ हजार पगाराचा मुनीम मिळून गाळा पूर्वीसारखाच चालवू शकतात. मग जादा खर्च फक्त ३ लाख ६० हजार, एकूण २३ लाख ६० हजार. फरक पावणेपाच लाखांच्या वर! कॉलेज तेच आणि फी पण तीच, फक्त तुमच्याशिवाय धंदा चालायला लागल्यावर तुम्ही गेलात.

आणि कर्ज? २० लाख, १० टक्के, १० वर्षं : हप्ता महिना सुमारे २६,४०० रुपये. नवा धंदा पहिल्या वर्षी एवढा हप्ता झेपवेल का? बहुतेक वेळा नाही. मग हप्त्यासाठी नोकरी धरावी लागते. धंदा शिकायला काढलेलं कर्जच धंद्यापासून लांब नेतं. सीईटीतून मिळणाऱ्या विद्यापीठाच्या संस्थांची फी यापेक्षा बरीच कमी असते, राज्याच्या शिष्यवृत्त्याही असतात. पात्रता आधी तपासा.

हिशेब चौथा : नेमकं काय शिकायचंय?

एका कागदावर धंद्यातल्या तीन अडचणी लिहा. उधारी वसूल होत नाही, हिशेब कळत नाही, प्रकल्प अहवाल जमत नाही, अशा असतील तर त्याला दोन वर्षं नकोत. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्रासारख्या संस्थांचं छोटं प्रशिक्षण आणि एक चांगला सीए पुरेल. धंदा सोडायचा नसेल तर मुंबईच्या एसपीजेआयएमआरमध्ये घरच्या धंद्यातल्या तरुणांसाठी वेगळा अभ्यासक्रम आहे. त्यात महिन्यातले काही दिवस वर्ग आणि बाकी वेळ धंदा. पण निर्यात, स्वतःचा ब्रँड, मोठं भांडवल, मोठ्या शहरातली ओळख, अशी भूक असेल तर मोठं कॉलेज जरूर गाठा.

मग अर्ज कधी?

- कागदावर किमान दोन वर्षांचं काम दिसतंय.
- तुम्ही नसताना एक पूर्ण हंगाम निघालाय.
- हप्ता धंद्यावर न टाकता फेडायची सोय आहे.
- "का जायचंय" हे दोन वाक्यांत सांगता येतंय.

चारही असतील तर यंदाच भरा, उगाच लांबवू नका. तीन असतील तर तयारी सुरू करा आणि चौथ्यावर काम करा. दोन किंवा कमी असतील तर थांबा. कॅटला वयाची अट नाही, त्यामुळे थांबल्यानं दार बंद होत नाही. मात्र कॅटचा निकाल त्याच प्रवेशवर्षापुरता चालतो, म्हणून "आत्ता देऊन ठेवतो, नंतर बघू" हा हिशेब इथं लागत नाही.

गृहपाठ : येत्या हंगामात सलग पंधरा दिवस गाळ्यावर जाऊ नका. रोजची विक्री, उधारी आणि तुम्हाला आलेले फोन वहीत लिहा. फोन कमी होत गेले तर अर्ज भरायची वेळ जवळ आलीये. वाढत गेले तर आधी माणूस तयार करा.