एक एसी की दोन?

प्रश्न : ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये आम्ही ३४ फुटी मोटरहोम घेतोय. छतावर १५,००० बीटीयूचा एक एसी आहे. उन्हाळ्यात पुरेल का?

उत्तर : नाही पुरणार. १५,००० बीटीयू म्हणजे सव्वा टन. घरातली बेडरूम तेवढ्यात गार होते. पण मोटरहोमच्या भिंती जेमतेम दोन-तीन इंचांच्या, समोर भली मोठी काच आणि छत दिवसभर उन्हात. जुलैत तिथे दुपारी पारा चाळिशीपार असतो. एसी आत ओढलेली हवा एका फेरीत साधारण ११ अंशांनीच थंड करतो. तेवढ्या वेळात भिंतींतून आणखी उष्णता झिरपली, तर तो अखंड चालूनही हरतो. म्हणून १३,५०० बीटीयूचे दोन घ्या, पुढे एक, मागे एक. एक बंद पडला तरी दुसरा असतो, आणि मुलं-म्हातारी माणसं सोबत असताना ही चैन नव्हे. दोन एसींना वीज कुठून, हा आक्षेप मात्र रास्त आहे. ३० अँपिअरच्या जोडणीवर ३,६०० वॉटच मिळतात; दोन्ही एसी लावून मायक्रोवेव्ह सुरू केला की ब्रेकर पडलाच. ५० अँपिअरवर १२,००० वॉट मिळतात. तेव्हा गाडीची जोडणी आधी पाहा. समोरची काच बाहेरून झाका. आतला पडदा ऊन आत आल्यावरच अडवतो.