नागपूरची लोकसंख्या आणि घातांकी आलेखाची रूपांतरे

जनगणनेनुसार नागपूर शहराची लोकसंख्या १९७१ मध्ये ८,६६,०७६ होती. १९८१ मध्ये ती १२,१९,४६१ झाली. म्हणजे एका दशकात ती १.४०८ पट वाढली. हीच पट पुढेही कायम राहील असे गृहीत धरल्यास लाखांतील लोकसंख्या ८.६६ गुणिले १.४०८ चा ‘क्ष’ वा घात इतकी येते. येथे ‘क्ष’ म्हणजे १९७१ पासून लोटलेली दशके. चल राशी घातांकाच्या जागी असल्याने यास घातांकी फलन म्हणतात.

नुसत्या १.४०८ च्या घातांचा वक्र क्ष शून्य असताना १ या उंचीवरून जातो. ८.६६ ने गुणताच त्याचा प्रत्येक बिंदू तितक्या पट उंचावतो. आता आरंभवर्ष १९८१ धरले, तर गुणक १२.१९ होतो, वक्र मात्र तोच राहतो, केवळ आरंभबिंदू एक दशक पुढे सरकतो. उभे ताणणे व आडवे सरकवणे येथे एकच ठरते. वर्गफलनाच्या आलेखात असे घडत नाही. शिक्षकांनी हे पारदर्शक कागदावर वक्र गिरवून अवश्य दाखवावे. त्याच पटीने वाढणारे लहान गाव मोठ्या शहराच्या काही दशके मागे, पण त्याच वक्रावर असते. दशकांऐवजी वर्षे मोजल्यास घातांकात क्ष भागिले १० येते आणि वक्र दसपट आडवा ताणला जातो.

घातांकातील क्षचे चिन्ह बदलले, की वक्र उभ्या अक्षात परावर्तित होऊन उतरू लागतो. उन्हाळ्यात खोलीचे तापमान ४२ अंश असेल, तर तापवलेले दूध असेच निवते. परंतु शून्यापर्यंत नव्हे, ४२ पर्यंत. दर ठराविक काळाने निम्मा होतो तो दूध व खोली यांच्या तापमानांतील फरक. म्हणून संपूर्ण वक्र ४२ ने वर उचलावा लागतो. पुष्कळांची चूक होते ती येथेच. माठातील गार पाणी पेल्यात ओतून ठेवल्यास वक्र उलटा होतो : तो चढतो, पण ४२ जवळ येता येता मंदावतो.

नियोजनात हा भेद महत्त्वाचा आहे. १.४०८ ही पट तशीच पुढे नेली असता नागपूरची २०११ ची लोकसंख्या सुमारे ३४ लाख येते. जनगणनेत ती २४,०५,६६५ भरली. दहा लाखांच्या या फरकावर जलवाहिन्या, टाक्या व शाळाखोल्या यांचा हिशेब अवलंबून असतो. दशकाची पट १९९१ मध्ये १.३३, २००१ मध्ये १.२६ आणि २०११ मध्ये १.१७ अशी उतरत गेली. प्रत्यक्ष भरही १९९१ ते २००१ या दशकात ४.२७ लाख होती, ती पुढील दशकात ३.५४ लाखांवर आली.