दोन वस्तु एक केव्हां मानाव्या?

गणितांत संच शिकतांना आपण १, २, ३ असे अंक किंवा अ, ब, क अशीं अक्षरें घेतों, आणि दोन संचांचा छेद काढतांना "हा घटक दोन्हींकडे आहे काय?" हा प्रश्न कोणास अडत नाहीं. पांच म्हणजे पांच. परंतु संगणकाच्या आज्ञावलींत संचांत घालावयाचे घटक पुष्कळदां आम्हीं स्वतः घडविलेल्या वस्तु असतात: एखादा विद्यार्थी, एखादें पुस्तक, एखादी पावती. तेथें हा साधा प्रश्न भारी पडतो. पायथॉन भाषेच्या आधारें तो येथें पाहूं. वरच्या इयत्तांतील ज्या विद्यार्थ्यांनीं ही भाषा हातीं घेतली आहे, त्यांनीं हें सर्व यंत्रावर करून पाहावें. नुसत्या वाचनानें तें अंगीं बाणत नाहीं.

समजा, शाळेंत दोन याद्या आहेत. एक फीमाफीसाठीं अर्ज केलेल्यांची, दुसरी हजेरी पुरेशी भरलेल्यांची. ज्यांचीं नांवें दोहोंत आहेत त्यांसच माफी द्यावयाची; म्हणजे छेद काढावयाचा. आपण 'विद्यार्थी' नांवाचा वर्ग लिहिला. (येथें वर्ग म्हणजे इयत्ता नव्हे, वस्तु पाडण्याचा सांचा.) त्यास नांव व जनरल रजिस्टरांतील क्रमांक हे गुणधर्म दिले, दोन्ही याद्यांवरून वस्तु तयार केल्या, आणि दोन संचांमध्यें छेदाचें चिन्ह घातलें. उत्तर येतें रिकामा संच! चूक दाखविणारा संदेश नाहीं, कांहीं नाहीं. यंत्र शांतपणें सांगतें कीं, एकाहि मुलास माफी नाहीं.

याचें कारण असें कीं, वेगळें कांहीं सांगितलें नसल्यास पायथॉनमध्यें अशी वस्तु केवळ स्वतःशींच समान असते. पहिल्या यादीवरून केलेला ४१२ क्रमांकाचा विद्यार्थी आणि दुसरीवरून केलेला ४१२ क्रमांकाचा विद्यार्थी यंत्राच्या स्मृतींत दोन निरनिराळ्या ठिकाणीं आहेत, म्हणून ते दोन. यांत यंत्राचा दोष नाहीं. मुलाची ओळख कशानें ठरते, हें त्यास कोणीं सांगितलेंच नव्हतें.

तें सांगण्याचें साधन म्हणजे 'ईक्यू' ही पद्धति. हिच्या नांवाच्या मागेंपुढें दोन दोन अधोरेखा असतात. तींत लिहावें कीं, क्रमांक सारखे तर विद्यार्थी समान. नांवावर समानता ठेवूं नये. एकाच नांवाचीं दोन मुलें शाळेंत असणें नवलाचें नाहीं. आणि एकच मुलगा एका यादींत 'शिरसाट' व दुसरींत 'शिरसाठ' असतो. कोणी म्हणेल, एवढा एक फरक माफ करावा. तेंहि चालत नाहीं. मग 'शिरसाट' व 'शिरसाठ' एक, 'शिरसाठ' व 'शिरसठ' एक, परंतु 'शिरसाट' व 'शिरसठ' यांत फरक दोन, म्हणून ते भिन्न! अ हा ब शीं आणि ब हा क शीं समान असतां अ हा क शीं समान असलाच पाहिजे. जी समानता येथें मोडते, तिच्यावर संच उभा राहत नाहीं.

एवढें करून आज्ञावली पुन्हां चालवावी, तों आतां ती मुळींच चालत नाहीं. पायथॉनची तिसरी आवृत्ति तक्रार करते कीं, या वस्तूस हॅश नाहीं. टपालकचेरींतील कप्पे डोळ्यांपुढें आणावे म्हणजे हॅश कळेल. तेथें एक पत्र सर्व पत्रांशीं ताडीत बसत नाहींत. पत्त्यावरून कप्पा ठरवितात व तेथेंच शोधतात. संचहि प्रत्येक घटकावरून एक पूर्णांक काढतो, त्यावरून जागा ठरवितो, आणि ज्यांचा पूर्णांक जुळतो त्यांचीच समानता तपासतो. ही युक्ति आय. बी. एम. मधील हान्स पीटर लून यांनीं १९५३ सालीं एका टिपणांत मांडली होती.

त्यामुळें समान वस्तूंचा हॅश समान असलाच पाहिजे. समानता नवी आणि हॅश जुना, असें झाल्यास एकच मुलगा दोन कप्प्यांत पडेल. तें टाळण्यासाठींच पायथॉन जुना हॅश काढून घेते. म्हणून 'हॅश' ही पद्धतिहि लिहावी, व तींत त्या क्रमांकाचाच हॅश द्यावा. उलट बाजूनें मात्र सक्ती नाहीं. सर्वांस १ हाच हॅश दिला तरी छेद बरोबर येतो. सर्व पत्रें एकाच कप्प्यांत कोंबल्यामुळें काम तेवढें रेंगाळतें. जावा भाषेंत हीच जोडी 'इक्वल्स' व 'हॅशकोड' या नांवांनीं आहे. तेथें दुसरी विसरली तरी यंत्र अडवीत नाहीं. आमच्या मतें पायथॉनची तक्रार बरी.

आतां छेद बरोबर येतो. तरी वस्तु संचांत घातल्यावर तिचा क्रमांक बदलला तर काय होईल? वस्तु जुन्या कप्प्यांत, शोध नव्यांत. "हा संचांत आहे काय?" असें विचारल्यास उत्तर "नाहीं", आणि घटक एकेक छापावे तों तोच मुलगा समोर उभा! यासाठीं २०१८ सालच्या ३.७ आवृत्तीपासून 'डेटाक्लास' मिळतो. त्यास 'फ्रोझन' केल्यास तो गुणधर्म बदलूं देत नाहीं, व वरील दोन्ही पद्धति स्वतःच लिहितो. मात्र तो सर्व गुणधर्म तुलनेंत घेतो. नांव वगळावयाचें तर तसें स्पष्ट सांगावें लागतें.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. अर्जावरून केलेल्या वस्तूंत घरचें उत्पन्न आहे, हजेरीवरून केलेल्या वस्तूंत हजर दिवस. संचाच्या दृष्टीनें दोन्ही एकच, म्हणून छेदांत एकच उरते. कोणती? रूढ पायथॉनमध्यें सध्यां लहान संचांतील उरते. परंतु भाषेनें याची हमी दिलेली नाहीं. अर्ज थोडे असतां उत्पन्न हातीं येईल, आणि एखाद्या वर्षीं अर्जच अधिक आले कीं त्याच आज्ञावलींतून तें नाहींसें होईल. दोन्ही माहिती हवी असेल तेथें क्रमांकावरून वस्तु देणाऱ्या दोन डिक्शनऱ्या कराव्या, छेद केवळ क्रमांकांचा काढावा, आणि प्रत्येक क्रमांकास दोहोंतून वस्तु घ्याव्या. डिक्शनरीच्या 'कीज'वर छेदाचें चिन्ह थेट चालतें. त्यासाठीं निराळा संचहि करावा लागत नाहीं.