जीपचा ट्रान्सफर केस आणि ब्रेक : समजून घ्या, मगच चालवा



ट्रॅक्टर वाढले, रस्ते सुधारले, तरी पावसाळ्यात पाणंदीच्या चिखलातून फडापर्यंत नेणारी जुनी फोर-व्हील जीप अजून कितीतरी वस्त्यांवर आहे. गाडी दणकट, म्हणून कशीही हाकली तरी चालते, असा आपला समज. पण तिच्या लिव्हरांची नीट माहिती नसेल, तर उभी केलेली गाडीसुद्धा आपोआप चालू लागते. म्हणून हा पाठ.

ट्रान्सफर केस म्हणजे काय?

गिअरबॉक्सच्या मागे ही दुसरी पेटी असते. इंजिनची ताकद तिच्यातून पुढच्या व मागच्या धुऱ्याकडे जाते. जुन्या विलीज घडणीच्या जीपला तिच्यासाठी दोन छोटे लिव्हर असतात. एक पुढची चाके जोडतो. दुसऱ्याला हाय, न्यूट्रल व लो अशा तीन जागा. लोमध्ये ओढ सुमारे २ ते २.५ पट होते आणि वेग तितकाच कमी होतो. पुढची चाके आधी जोडावीत, मग लो टाकावा.

मुख्य धोका

या दुसऱ्या लिव्हरचा न्यूट्रल नीट ध्यानात घ्या. इंजिनवर पंप किंवा मळणीयंत्र चालवताना तो लागतो. पण तो पडला की इंजिन व गिअरबॉक्स एकीकडे आणि चारी चाके दुसरीकडे! मग मुख्य गिअर पहिल्यात असला तरी गाडी धरली जात नाही. कॅनॉलच्या उतारावर गाडी ठेवून "गिअरमध्ये टाकलीय की" म्हणत उतरायचं, तेवढ्यात पोराचा धक्का त्या लिव्हरला लागायचा, आणि खाली पाणी भरणारा माणूस असायचा! हायवरून लोकडे जातानाही लिव्हर याच न्यूट्रलमधून जातो. म्हणून लो टाकायचा तो सपाटीवर, गाडी थांबवून, ब्रेकवर पाय ठेवून. उतार लागल्यावर नव्हे.

हँडब्रेकची गोम

या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. त्यामुळे तीन गोष्टी सांभाळा.

१. मागचे एक चाक जॅकवर उचलले, की डिफरन्शियलमुळे ते उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक मोकळे होते. हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घसरते. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून उटी लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका.

२. ट्रान्सफर केसचे मागचे सील गळाले, की तेल याच ड्रमवर येते आणि हँडब्रेक धरत नाही. गाडीखाली तेलाचे डाग दिसले तर चालढकल नको.

३. धावती गाडी रोज याच ब्रेकने थांबवू नका. शाफ्टला दणका बसतो.

चालवताना

फोर-व्हीलमुळे चिखलात ओढ मिळते, ब्रेक वाढत नाहीत. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला लागायचे तेवढे अंतर लागतेच. उतारावर लो व पहिला-दुसरा गिअर आधीच टाका आणि क्लच दाबू नका. इंजिनच गाडी धरते. क्लच दाबला की तो आधार गेला.

ओढा ओलांडल्यावर ड्रममध्ये पाणी जाते. थोडे अंतर हळू चालवत ब्रेक हलके दाबून वाळवा. जुन्या गाड्यांत चारी चाकांच्या ब्रेकला तेलाची एकच लाइन असते. एक पाइप फुटला तर चारी ब्रेक जातात. म्हणून पेडल खोल जाऊ लागले, की मिस्त्री गाठा.

डांबरी रस्त्यावर पुढची चाके सोडवा. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. जोडलेली राहिली तर स्टेअरिंग जड होते, पेटीवर ताण येतो आणि लिव्हर अडकतो. अडकलाच तर गाडी सरळ रेषेत चार-पाच फूट मागे घ्या, म्हणजे सुटतो.

नव्या गाड्यांची रचना वेगळी असते. त्यांच्या पुस्तिकेप्रमाणे वागावे.

ध्यानात ठेवा

गाडी सोडताना : ट्रान्सफर लिव्हर न्यूट्रलमध्ये नाही ना, पाहा. मुख्य गिअर टाका. हँडब्रेक ओढा. उतार असेल तर उटी लावा. चार कामे, अर्धा मिनिट. ड्रायव्हर ठेवला असेल तर त्यालाही हा पाठ वाचून दाखवा.